लाली गेली, पटकी गेली

बरणी वर धरली गेली तशी तरसवाडी गप्प झाली.

बरणी काचेची, लोणच्याची. तिच्यात गावच्या विहिरीचं पाणी, डाळिंब पिळल्यासारखं लाल. बरणीच्या मागं दाढी, दाढीत तोंड, तोंडात मंत्र. बिरोबाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बाया बैलगाड्यांवर उभ्या होत्या, पोरं वाड्यांच्या भिंतींवर चढली होती. माळावरचे धनगर मेंढरं तशीच सोडून आले होते, आणि असं धनगर सहसा कशासाठीच करत नाहीत.

मंत्रात थोडं संस्कृत होतं, थोडं कानडी, आणि कान देऊन ऐकलं तर थोडी पलटणीतली कवायत.

"ओम् नीर निर्मळ फट्. बा बा गंगव्वा, होग होग विषा. अबौट टर्न, फट्."

बाबानं हळदीनं माखलेलं लिंबू उचललं, सुईनं टोचलं, कपाळाला लावलं आणि बरणीत पिळलं. मंत्र चालूच होता. लाल पाणी गुलाबी झालं. गुलाबी फिकं झालं. मग बरणीतून पलीकडची दाढी दिसू लागली, केस न् केस.

बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं. त्या बाबाला लोक नितळबाबा म्हणत.

"सरकारनं इख टाकलं," नितळबाबा म्हणाला, "म्या उतरवलं. लाली गेली..."

"पटकी गेली," गाव एका सुरात म्हणालं.

गोष्ट इथं थोडी थांबवायला हवी. कारण ती शेवटची ओळ बाबाची नव्हती. सरकारची होती.

*

गर्दीच्या मागं एक निळी गाडी उभी होती. टपावर कर्णा, आत ग्रामोफोन, आणि दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं: लाली गेली, पटकी गेली.

गाडीला टेकून लालासाहेब थोरात उभा होता. सरकारच्या प्रसिद्धी खात्यातला प्रचारक. एकोणपन्नास सालचा उन्हाळा, खानापूर तालुक्याच्या पूर्वेला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ, आणि गावोगाव गाडी नेऊन लोकांना सावध करणं हे त्याचं काम. सांगणं हे त्याचं काम. लोक ऐकतात का, हे बघण्याचं काम कुणाचं, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

ते वाक्य आलं कसं, तेही सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: 'विहिरीत टाकलेल्या औषधाची लाली रात्रभर टिकू द्यावी. ती आपोआप गेल्यावरच पाणी प्यावे.' वरच्या कचेरीला हे लांबलं. फलकावर मावेना. कुणीतरी 'रात्रभर' काढलं. कुणीतरी 'आपोआप' काढलं. उरलं त्याला यमक लावलं, आणि छापून, रंगवून जिल्हाभर पाठवलं. लालासाहेबानं तेव्हाच हरकत घेतली होती. फलक छापून झालेत, असं उत्तर आलं.

मग तरसवाडीत नितळबाबा आला. त्यानं फलक वाचला. लाली गेली की पटकी जाते असं सरकारच म्हणतंय, तर लाली चटकन घालवणारा माणूस मोठा, एवढा साधा हिशेब त्यानं केला.

संध्याकाळी विहिरीत औषध पडायचं. त्याला रात्रभर पाण्यात राहायचं असायचं. पण दिवेलागणीच्या आतच बाया घागरी भरून बाबापुढं रांग लावायच्या, लिंबू पिळून घ्यायच्या आणि घरी जाऊन तेच पाणी प्यायच्या. दुसऱ्या दिवशीच्या दरबारासाठी बाबा तेव्हाच लाल पाण्याचा हंडा भरून ठेवायचा.

*

पत्रक. (साताऱ्याहून निघण्यापूर्वीच लिहून ठेवलेलं.)

'तरसवाडी येथे पटकी-प्रतिबंधक मोहिमेस ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. ध्वनिक्षेपकावरून दिलेली माहिती ग्रामस्थांनी शांतपणे ऐकून घेतली...'

प्रत्यक्ष ते असं ऐकून घेतलं गेलं.

कर्णा: बंधूभगिनींनो, औषध रात्रभर विहिरीत राहू द्या.

गाव: गाणं लावा की.

कर्णा: पाणी उकळून प्या.

गाव: सरपान तुमी देता व्हय?

कर्णा: उलट्या, जुलाब झालेल्या माणसाला ताबडतोब विट्याच्या दवाखान्यात न्या.

गाव: दवाखान्यात गेल्यालं मानूस माघारी येत न्हाई.

या शेवटच्याला काय म्हणायचं ते खात्यानं लिहून दिलेलं नव्हतं. म्हणून कर्णा पुन्हा म्हणाला: बंधूभगिनींनो.

तेव्हा गावचा पाटील आप्पासो पुढं आला. माणूस वाईट नव्हता, बाबाची बडदास्त त्याच्याच घरी होती एवढंच. त्यानं गाडीवरच्या अक्षरांवर काठी टेकवली.

"साहेब, तुमच्याच गाडीवर लिवलंय न्हवं? मग बाबा दुसरं काय करतोय?"

लालासाहेबाजवळ उत्तर होतं. पण ते द्यायचं तर गाडीवरचं अक्षर अर्धवट आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि त्याचा पगार त्या अक्षरासाठी होता.

*

देवळाशेजारच्या झोपडीत हरणाबाई राहायची. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा आकाराम, दोघंच. पोरगा मेंढरं राखायचा. त्या दिवशी पहाटेपासून त्याला ढाळ-वांत्या होत होत्या.

लालासाहेब झोपडीत वाकून गेला तेव्हा आकारामचे डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. उशाशी बाबाचा तांब्या होता, नितळ पाण्याचा.

"मावशी, याला गाडीत घालू. विट्याला डॉक्टर आहे. शिरेतून मिठाचं पाणी देतात, माणूस उठतो."

"न्हाई दादा," हरणाबाई म्हणाली. बाबानं गावाभोवती रिंगण ओढलं होतं. रिंगणाबाहेर पाऊल पडलं की उतारा फुकट जातो, असं त्यानं बजावलं होतं. शेजारच्या वस्तीवरची राहीबाई नवऱ्याला घेऊन बाहेर पडली, तो वाटेतच संपला. हे हरणाबाईनं डोळ्यानं पाहिलं होतं. नवरा बाहेर पडण्याआधीच शेवटच्या घटका मोजत होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं पुन्हा समजावलं. मग थोडा आवाज चढवला. मग गयावया केली. ती पोराच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिली.

"तुमी गाडीतनं आलाव, गाडीतनं जाशीला," ती म्हणाली. "आमाला हितंच ऱ्हायाचंय."

*

मग डॉक्टरलाच आणावं म्हणून लालासाहेबानं गाडी विट्याला नेली. दवाखान्याच्या ओट्यावर, झाडाखाली, धर्मशाळेत माणसं पडलेली. डॉक्टर एकटा. त्यानं मान हलवली: मी इथून हललो तर यातली निम्मी जातील, तुम्ही त्याला आणा, दिवस मावळायच्या आत आणा. निघताना त्यानं औषधाची, पोटॅशियम परमँगनेटची, पुडी दिली, उद्या तरसवाडीच्या विहिरीत टाकायला. पुडी फाटकी होती. लालासाहेबाच्या घामेजल्या बोटांवर तांबडे-तपकिरी डाग पडले.

डाकबंगल्यात साहेब मुक्कामाला होते. खात्याचे साहेब, दौऱ्यावर. लालासाहेबानं सगळं सांगितलं. ते वाक्य मागं घ्या, निदान गाडीवरून पुसू द्या, असं म्हणाला.

साहेब खूश झाले होते.

"अहो थोरात, एक बाबा आपलं घोषवाक्य गावाला पाठ करून देतोय. याहून मोठी प्रसिद्धी कोणती? त्याचा एक फोटो घ्या. बरणीसकट."

"साहेब, लोक मरतील."

साहेब गंभीर झाले. ते मूर्ख नव्हते, आणि चीड येते ती त्यामुळंच. ते म्हणाले, "सरकारचं वाक्य चुकलं असं सरकारच्याच गाडीवरून सांगितलंत, तर उद्या लस घेऊन जाल तेव्हा तुमच्यावर कोण विश्वास ठेवील? बाबाला हाताशी धरा. त्याच्याच तोंडून सांगवा. काम झाल्याशी मतलब."

धरू का बाबाला हाताशी? वाटभर लालासाहेब स्वतःला हेच विचारत होता. बाबाला म्हणावं, पोराला रिंगणाबाहेर जायला परवानगी दे. बदल्यात फोटो, पेपरात नाव. आकाराम वाचेल. आणि नंतर? पुढच्या साथीला गाव बाबाची परवानगी मागेल. सरकारही मागेल.

*

तरसवाडी दिसू लागली तशी ड्रायव्हर नाथाजीनं बाभळीखाली गाडी थांबवली आणि सकाळपासून उपाशी असलेल्या लालासाहेबापुढं भाकरी, कांदा आणि अर्धं लिंबू ठेवलं. नाथाजी लढाईत लष्करी गाड्या चालवून आलेला. पोटात काही नसताना माणसानं गावाशी भांडू नये, असं त्याचं मत होतं.

लालासाहेबानं कांद्यावर लिंबू पिळलं. रस अंगठ्यावरून ओघळला. ओघळला तिथला डाग गेला.

तो अंगठ्याकडं बघत राहिला. घास तसाच हातात.

"नाथाजी, अजून एक लिंबू दे."

"आवं, दात आंबत्याल."

"दे. आणि चहाचा पेला दे."

पेल्यात पाणी घेतलं, पुडीतली चिमूट टाकली. पाणी लाल. लिंबू पिळलं. मंत्र नाही, हळद नाही, सुई नाही. लाल, गुलाबी, फिकं. पेल्याचा तळ दिसू लागला.

नाथाजीनं पेला उचलून उन्हात धरला, खालून-वरून पाहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. पलटणीत भाजी या लाल पाण्यात धुवायचे, त्यानं सांगितलं, आणि कपड्यावर डाग पडला की स्वयंपाकी लिंबू चोळायचा. हे त्याला माहीत होतं, पण बाबाच्या बरणीपुढं आठवलं नव्हतं. तोही सकाळी गर्दीबरोबर चांगभलं म्हणाला होता.

*

उन्हं कलली होती. बाबाचा दरबार भरलाच होता. लालासाहेब सरळ देवळाच्या ओट्यावर, बरणीपाशी गेला. गावाला म्हणाला, हेच मी करून दाखवतो. स्वतःचं लिंबू काढलं, पिळलं, तोंडातून अक्षर काढलं नाही. पाणी नितळ झालं.

आता गावाचे डोळे उघडतील, असं त्याला वाटलं होतं.

गावानं हात जोडले.

"आवं साहेब, तुमीबी सिद्ध हाय व्हय?" आप्पासो पाटील अदबीनं म्हणाला. "आदी बोलायचं न्हाई का?"

एका म्हाताऱ्यानं गर्दीतून वाट काढली आणि बोकडावर एक लिंबू पिळून द्यायची विनंती केली. बोकड चारा खात नव्हता. एक बाई पाया पडली. नितळबाबा तर हसला. "माजीच इद्या," तो म्हणाला, "सकाळी समोर हुबा हुता, वारं लागलं त्येला. सावलीतनंबी लागती."

लालासाहेबाला रडू यायचं बाकी राहिलं. एवढी वर्षं तो कर्ण्यातून बोलत आला होता. हातात बरणी असो की कर्णा, गाव बघत होतं ते धरणाऱ्याकडं. खरं सांगणारा आणि खोटं सांगणारा, दोघं ओट्यावर उभे. खाली फक्त मान वर केलेली माणसं.

तो ओट्यावरून खाली उतरला. गर्दीच्या कडेला, झोपडीच्या दारात, हरणाबाई उभी होती. त्यानं बाबाच्या हंड्यातलं लाल पाणी बरणीत भरलं, ती तिच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि लिंबू तिच्यापुढं धरलं.

"मावशी, तुम्ही पिळा."

बाबाचं हसू गेलं, तो ओरडला. "खबरदार. रांडमुंड बाईचा हात लागला तर पान्याचं रगात हुईल. अन् रिंगणातलं पैलं मरल ते हिचंच पोर."

हरणाबाईचा हात मागं गेला. ती पांढऱ्या कपाळाची बाई. लग्नात, बारशात, देवाच्या पालखीत, कुठंच तिनं पुढं हात केलेला गावानं पाहिला नव्हता. तिला बाबाचं खरं वाटत होतं. हे लक्षात ठेवलं पाहिजे. ती निडर नव्हती, तिला खरोखर वाटत होतं की पाण्याचं रक्त होईल.

आत आकाराम कण्हला. नुसती हवा निघाली, आवाज नव्हता. सकाळी त्याला आवाज होता.

तिनं मागं वळून पाहिलं.

"जातोयच की त्यो," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "रगात झालं तर आनि काय जानार हाय माजं?"

तिनं लिंबू घेतलं. दातांनी फाडलं. निम्मा रस मातीत गेला. उरला तो बरणीत पडला.

लाल. गुलाबी. गुलाबीच राहिलं, आणि पुढच्या बाया मागं सरकल्या. बाबानं तोंड उघडलं. लालासाहेब शांतपणे म्हणाला, "रस सांडला. अजून पिळा." तिनं पिळलं.

फिकं. मग काही नाही. नुसतं पाणी, आणि पाण्यापलीकडं हरणाबाईची बोटं.

तिनं बोटं पदराला पुसली. मग बाबाकडं न बघता म्हणाली, "डायवरदादा, गाडी हिकडं घ्या."

*

एक पाऊल अजून बाकी होतं. आकारामला घोंगड्यात घालून गाडीत ठेवला, हरणाबाई चढणार, एवढ्यात पाटलाची सून तानुबाई तिच्या पायाशी वाकली. मावशीच्या अंगात आलंय, कुणीतरी पुटपुटलं.

हरणाबाईनं पाय ओढून घेतला.

"काय न्हाई आलं माज्या अंगात. लिंबू आंबट हाय, येवडंच. घरी हाय न्हवं तुज्या? जा, पीळ."

गाडी गेली. कर्णा टपावरच होता, तोही गेला. लालासाहेब देवळापुढं रिकाम्या हातानं उरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच गळ्यानं बोलावं लागलं. आवाज मागच्यांपर्यंत पोचेना. मग लोकच पुढं सरकले.

घराघरातून लिंबं आली, चिंच आली. तानुबाईनं पिळलं, म्हाताऱ्यानं पिळलं, पोरांनी तर हंड्यातलं लाल पाणी संपवायचं ठरवलं. प्रत्येकाच्या हातून लाली गेली. काहीजण नाराजही झाले. आपल्याच हातानं झालेला चमत्कार कुणालाच फारसा आवडत नाही. आप्पासो पाटलानं सर्वांत शेवटी पिळलं, पाठमोरं होऊन. मग तो वळला आणि विचारायला हवा होता तो प्रश्न त्यानं विचारला.

"मग साहेब, लाली गेली तर पटकी जाती का न्हाई?"

"नाही," लालासाहेब म्हणाला. "आमच्या गाडीवर लिहिलंय ते अर्धं आहे. ते आमचं चुकलं. लाली म्हणजेच औषध. तिला रात्रभर पाण्यात राहू द्यायचं, ते जंतू मारतं आणि मग आपोआप फिकं होतं. लिंबू पिळलं की औषध आधीच मरतं. पाणी दिसतं स्वच्छ, पटकी आतच राहते. बाबानं तुम्हाला औषध काढून घेतलेलं पाणी पाजलं."

असं बोलल्याबद्दल पुढं त्याला लेखी विचारणा झाली. त्याचं काय झालं हे या गोष्टीत महत्त्वाचं नाही.

कुणीतरी बाबाला शोधलं. बरणी होती, बाबा नव्हता. रिंगण ओलांडून तो कधीच गेला होता, आणि त्याला वाटेत काहीही झालं नाही.

त्या संध्याकाळी विहिरीत औषध पडलं आणि राखण बसली. बाबाची नाही, गावाची. सकाळपर्यंत कुणी पोहरा टाकला नाही. साथ लगेच गेली असं सांगायला आवडलं असतं. पण ती लगेच गेली नाही. आधी पाणी प्यालेली आणखी माणसं पडली, आणि त्यातली सगळी उठली नाहीत. पण पडलेल्यांना आता गाड्या जुंपून विट्याला नेत होते. आकाराम हाडकुळा होऊन, आईच्या खांद्यावर हात ठेवून, पायांनी चालत परत आला. दवाखान्यातून माघारी आलेलं माणूस तरसवाडीनं पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याला हात लावून लावून पाहिलं.

वाचकहो, नितळबाबा पुढच्या गावात असेल. बरणी नवी असेल, मंत्र नवा असेल. सरकारही असेल, चटकदार यमक घेऊन. दोघांनाही एकच सांगा: तुमच्या हातानं नको, आमच्या हातानं करून बघू. ज्याला हे चालत नाही, जो म्हणतो अमक्याचा हात लागता कामा नये, विधवेचा नको, परजातीचा नको, प्रश्न विचारणाऱ्याचा नको, त्याच्याजवळ लपवायला काहीतरी आहे. आणि करून बघितल्यावर जे खरं निघेल ते कितीही साधं असलं, आंबट लिंबाइतकं साधं असलं, तरी त्याला साधंच राहू द्या. त्याच्या पाया पडू नका.